गेममधल्या पाट्या वाचत बसणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून ठेवतो, खाली भरपूर स्पॉइलर आहेत. पोर्टल, हाफ-लाइफ २, डेड स्पेस, प्रे यातलं काही खेळायचं राहिलं असेल तर तेवढा प्रश्न सोडून पुढे जा, नंतर माझ्या नावाने बोंब मारू नका.

गेम खेळायचा सोडून भिंती काय बघायच्या?

हा प्रश्न मला पहिल्यांदा आईने विचारला होता. हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आलेलो, हाफ-लाइफ लावलेला, आणि मी दहा मिनिटं एका भिंतीसमोर उभा. ती चहा ठेवायला आली आणि म्हणाली, अरे हँग झालंय का ते?

तर उत्तर असं. जिन्याच्या कोपऱ्यात चारी बाजूंनी देवांच्या टाइल्स लावलेल्या दिसल्या की आपल्याला सांगावं लागतं का, की इथे लोक पिचकाऱ्या मारत होते म्हणून? "गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल" ही पाटी कोणी आधी लावत नाही, आधी कोणीतरी दोन-चार वेळा गाडी लावलेली असते, मालक कामाला उशीर होऊन भडकलेला असतो, मग पाटी येते. म्हणजे पाटी वाचली की आधी काय घडलं ते कळतं. सायफाय गेम बनवणारे नेमकं हेच वापरतात, कारण त्यांना एक अख्खी दुनिया सांगायची असते जी अस्तित्वातच नाही, आणि तुम्हाला उभं करून लेक्चर द्यायला लागले तर तुम्ही स्किप दाबणार. मग ते भिंतीवर लिहून ठेवतात.

सुरुवात कुठल्या गेमपासून करू?

पोर्टल. २००७ चा आहे, ग्लॅडॉस नावाचं मशीन केकचं आमिष दाखवून तुमच्याकडून एकेका टेस्ट चेंबरमध्ये, म्हणजे बंद खोलीत, कोडी सोडवून घेतं, छोटा आहे, एका संध्याकाळी संपतो, आणि कुठल्याही जुन्या लॅपटॉपवर चालतो.

प्रत्येक टेस्ट चेंबरच्या तोंडाशी एक उजळलेला पांढरा बोर्ड असतो, त्यावर मोठ्ठा नंबर, खाली "१९ पैकी इतकावा" असा हिशोब, आणि त्याखाली छोटी चित्रं. काडीच्या माणसाच्या डोक्यावर ठोकळा पडतोय, काडीच्या माणसाला बंदूक गोळ्या घालतेय, वगैरे. जो धोका त्या चेंबरमध्ये आहे तेवढीच चित्रं ठळक, बाकीची फिकट. आता हे बघून पहिल्यांदा हसू येतं, पण एक मिनिट थांबून विचार करा की डोक्यात ठोकळा पडण्याचं चित्र छापायची वेळ का आली असेल. किती जणांच्या डोक्यात पडला असेल?

आणि मग चेंबर १६ येतं. एवढा वेळ सगळं हॉस्पिटलसारखं पांढरं स्वच्छ, आणि इथे एका ठिकाणी भिंतीचं पॅनल सरकलेलं दिसतं, आत बघितलं तर गंजका कोपरा, रिकामे डबे, दुधाचे खोके, भिंतीवर हातांचे ठसे, दिवस मोजल्यासारख्या रेघा, आणि पुन्हापुन्हा खरडलेलं एकच वाक्य, केक खोटा आहे. ते वाक्य इतकं गाजलं की ज्यांनी गेम बघितलाही नाही त्यांनी त्याचे टीशर्ट घातले. पण मला स्वतःला चेंबर १७ मधला कोपरा जास्त लागला. तिथे फोटोंमधल्या माणसांच्या चेहऱ्यांवर हृदय काढलेल्या ठोकळ्याचं चित्र चिकटवलंय, तोच ठोकळा जो या चेंबरमध्ये तुम्हाला सोबतीला दिलेला असतो. कोणीतरी इथे इतके दिवस एकटं काढलंय की त्याला ठोकळाच माणूस वाटायला लागला, आणि तुम्हीही तोच ठोकळा प्रेमाने उचलून फिरताय आणि शेवटी भट्टीत टाकणार आहात. हे सांगायला एक शब्दाचा डायलॉग नाही. तो माणूस कोण, त्याचं नाव रॅटमन, हे नंतर २०११ मध्ये कॉमिकमधून आलं. गेममध्ये फक्त त्याचा कचरा आहे.

अजून एक. चेंबरमध्ये वरती धुरकट काचांच्या खोल्या दिसतात ना, जिथून कोणीतरी आपल्याला बघतंय असं वाटतं? शेवटी पळून जाताना तुम्ही त्या खोल्यांमधूनच जाता. खुर्च्या रिकाम्या.

पोर्टलमध्ये रेडिओचं काहीतरी होतं ना?

हो, आणि ते वेगळंच प्रकरण. मार्च २०१० मध्ये जुन्या गेमला अचानक एक अपडेट आला. लोकांनी बघितलं तर चेंबरमधले रेडिओ उचलून ठरावीक जागी नेले की दिवा लाल होता तो हिरवा होतो आणि गाणं बंद होऊन खरखर ऐकू येते. काही आवाज मोर्स कोड होते. बाकीचे निघाले एसएसटीव्ही, म्हणजे हॅम रेडिओवाले आवाजातून चित्र पाठवायला जी पद्धत वापरतात ती. लोकांनी तो आवाज डीकोडरमध्ये घातला तर फोटो बाहेर पडले, फोटोतून आकडे निघाले, आकड्यांतून एक फोन नंबर, आणि त्या नंबरला मोडेमने कॉल केला की जुन्या काळची बुलेटिन बोर्ड सिस्टिम, म्हणजे फोनवरून चालणारा कॉम्प्युटरचा नोटीस बोर्ड, उघडायची. काही दिवसांतच पोर्टल २ ची घोषणा. जाहिरात करावी तर अशी.

हाफ-लाइफ २ मध्ये सगळे म्हणतात स्टोरी आहे, मला तर कोणी काही सांगितलंच नाही?

बरोबर आहे, सांगतच नाहीत. २००४ चा गेम, तुम्ही ट्रेनमधून उतरता आणि जग हरलेलं असतं. कसं हरलं, कोणाकडून, किती दिवस लढाई चालली, काही नाही. गॉर्डन, म्हणजे तुम्ही ज्याच्या रूपात खेळता तो, स्वतः तोंड उघडत नाही त्यामुळे तो विचारणारही नाही.

उत्तर ब्लॅक मेसा ईस्ट या बंडखोरांच्या तळावर एलाय नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये आहे. तिथे एका बोर्डवर पेपरची कात्रणं लावलीत आणि त्यात एक हेडलाइन आहे, पृथ्वीने शरणागती पत्करली. बहुतेक लोक तिथे एलायच्या मुलीच्या, ॲलिक्सच्या, मागे मागे निघून जातात कारण पुढे ग्रॅव्हिटी गन, वस्तू उचलून फेकणारी बंदूक, मिळणार असते. सात तास. अख्ख्या पृथ्वीची लढाई सात तास चालली, आणि ती भिंतीवर पिन मारून ठेवलीय.

मग दुसरं, लहान मुलं. सिटी १७ मध्ये, म्हणजे गेम जिथे सुरू होतो त्या शहरात, झोपाळा आहे, घसरगुंडी आहे, आणि मूल एकही नाही. मला हे पहिल्या वेळी लक्षातच आलं नाही, वाटलं बनवायला मॉडेल महाग पडलं असेल. पण चौकातल्या मोठ्या स्क्रीनवर ब्रीन, म्हणजे पृथ्वी जिंकणाऱ्या कम्बाइनने नेमलेला कारभारी, जे भाषण ठोकत असतो ते उभं राहून ऐकलं तर तो एका नागरिकाच्या पत्राला उत्तर देत असतो, की कम्बाइनने आमची प्रजननक्षमता का दाबून टाकली. आता परत त्या झोपाळ्याकडे बघा.

तिसरं, समुद्र. हायवे १७ ला बग्गी चालवताना किनाऱ्यावरचे धक्के बघा, पाण्यापासून कितीतरी उंच आणि लांब लटकलेत, खाली बोटी वाळूत पडलेल्या. आपल्याकडे कोकणातला कोणी असेल तर त्याला एका नजरेत कळेल की ही ओहोटी नाही. पाणीच नेलंय.

त्या शहराचा जो पूर्व युरोपचा फील आहे, सिरिलिक अक्षरं, सोलून गेलेला रंग, जुन्या दगडी इमारतीत घुसवलेलं काळं लोखंड, तो आर्ट डायरेक्टर व्हिक्टर अँटोनॉव्हचा. सोफियात जन्मलेला माणूस, त्यामुळे त्याने पिक्चर बघून काढलेलं नाही, बघितलेलं शहर काढलंय. नंतर डिसऑनर्ड या गेमचं शहरही त्यानेच घडवलं. २०२५ मध्ये गेला.

आणि केशरी लॅम्डा, म्हणजे λ हे ग्रीक अक्षर, भिंतीवर स्प्रे केलेला. तो दिसला की आसपास शोधा, सामानाची पेटी असते. कधी कधी बाजूला पेटी लपवणाऱ्याचं प्रेतही असतं.

प्रत्येक गेममध्ये पहिल्या दरवाज्याचा कोड ०४५१ का असतो?

प्रत्येक नाही हो, पण एका घराण्यात असतो. १९९४ च्या सिस्टिम शॉकमध्ये पहिल्या कोडवाल्या दरवाज्याला ४५१ होता, रे ब्रॅडबरीच्या फॅरनहाइट ४५१ ला केलेला नमस्कार. तो बनवणाऱ्या लुकिंग ग्लास स्टुडिओतली माणसं पुढे पांगली, आणि ज्या ज्या गेमवर त्यांचा किंवा त्यांच्या चाहत्यांचा हात लागला तिथे हा आकडा गेला. २००० चा डेयस एक्स, बायोशॉक, डेयस एक्स: ह्युमन रेव्होल्यूशन, प्रे. घराण्याची चीज असते तसं. आता तर नवीन गेममध्ये कीपॅड दिसला की लोक आधी ०४५१ दाबून बघतात.

अक्षरं दिसतात पण वाचता येत नाहीत, धूसर आहेत. माझा पीसी खराब आहे का?

तीन शक्यता.

एक, तुमचं टेक्स्चर सेटिंग लो वर आहे. पाटी ही शेवटी एक चित्र असते, १०२४ बाय १०२४ पिक्सेल वगैरे, आणि लो वर गेम त्याचं बारकं रूप लोड करतो. ग्राफिक्स कार्डला मेमरी असेल तर फक्त टेक्स्चर वर करा, शॅडो वगैरे खाली ठेवलं तरी चालतंय, एफपीएसला, म्हणजे गेम किती सलग चालतो त्याला, फार फरक पडत नाही. सोबत मोशन ब्लर, फिल्म ग्रेन आणि क्रोमॅटिक ॲबरेशन बंद करा. हे तिन्ही वाचणाऱ्याचे दुश्मन.

दोन, मुळातच धूसर बनवलंय. एका लेव्हलमध्ये शेकडो पाट्या, प्रत्येकीला मोठं चित्र दिलं तर मेमरी संपते, म्हणून लांबच्या पाट्यांवर नुसत्या रेघोट्या असतात. त्यात अर्थ शोधू नका.

तीन, उलटी छापलीय, आरशात बघितल्यासारखी. अर्धंच चित्र काढायचं आणि दुसऱ्या अर्ध्याला पलटून वापरायचं, ही जुनी काटकसर. याचं सगळ्यात विचित्र उदाहरण डेयस एक्स. जून २००० मध्ये आला, न्यूयॉर्कची स्कायलाइन मागे दिसते, आणि त्यात ट्विन टॉवर्स नाहीत. कारण साधं, मेमरी कमी म्हणून स्कायलाइनचं अर्धं चित्र पलटून वापरलं आणि टॉवर ज्या बाजूला होते ती बाजू गाळली गेली. मग कोणी विचारलंच तर म्हणून कथेत ठेवून दिलं की अतिरेक्यांनी पाडले. सव्वा वर्षाने काय झालं ते सगळ्यांना माहितीय. त्यावरून जे कट-कारस्थानाचे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादाला लागू नका, तो मेमरीचा प्रॉब्लेम होता.

परग्रहावरची किंवा रोबोटची लिपी खरंच वाचता येते का?

बऱ्याचदा येते, कारण खाली इंग्रजीच असतं. प्रत्येक इंग्रजी अक्षराला एक नवीन खूण दिलेली असते, बास. डेड स्पेसमधली युनिटॉलॉजी या धर्माची लिपी अशीच, २०२२ च्या स्ट्रे मधली रोबोटची पण अशीच.

पद्धत सांगतो. जिथे काय लिहिलं असणार हे आधीच माहीत आहे अशी पाटी शोधा, बारच्या दारावरची, दुकानावरची, ज्या रोबोटचं नाव कळलंय त्याच्या घरावरची. तीन-चार अक्षरं मिळाली की वहीत मांडा आणि दुसऱ्या पाट्यांवर भरत चला, शब्दकोडं सोडवतो तसंच. सगळ्यात जास्त वेळा येणारी खूण बहुतेक वेळा ई निघते. मी स्ट्रे मध्ये एक रविवार यात घालवला, मांजर बिचारी गल्लीत बसून राहिली. निघालं काय तर बहुतेक जाहिराती. पण एक गंमत वाटली की माणसं जाऊन कैक वर्षं झाली तरी रोबोट जाहिराती लावतायत.

कंपन्या असं का करतात? वातावरण हे एक कारण, आणि पैसे हे दुसरं. भिंतीवर इंग्रजी लिहिलं की जर्मन, फ्रेंच, जपानी आवृत्तीत ती भिंत परत रंगवा किंवा खाली भाषांतर दाखवा. खुणा लिहिल्या की सगळ्या देशांना एकच भिंत.

डेड स्पेसमध्ये सगळ्यात मोठं सिक्रेट कुठल्या भिंतीवर आहे?

भिंतीवर नाहीच. चॅप्टरच्या नावांत आहे. बारा चॅप्टर, प्रत्येकाच्या इंग्रजी नावाचं पहिलं अक्षर घ्या आणि ओळीने वाचा: निकोल इज डेड. म्हणजे निकोल नावाच्या ज्या बाईला शोधायला गेमचा हिरो आयझॅक त्या अंतराळजहाजावर जातो तिचं काय झालं ते गेम तुम्हाला पहिल्या चॅप्टरपासून एकेका अक्षराने सांगतोय आणि तुम्ही बारा चॅप्टर तिच्या मागे पळताय. २००८ मध्ये हे कळल्यावर मी अक्षरशः खुर्ची मागे सरकवून बसलो.

भिंतीवर जे आहे ते सरळ कामाचं. प्लाझ्मा कटर हे पहिलं हत्यार मिळतं तिथे रक्ताने लिहिलंय, त्यांचे हातपाय कापा. ट्युटोरियलच आहे तो, फक्त लिहिणारा मेलाय.

पाट्या आपल्याशी बोलतात असा कुठला गेम आहे का?

हॅलो ३ ओडीएसटी, २००९. न्यू मोम्बासा शहर, रात्र, पाऊस, तुम्ही एकटे. शहराची व्यवस्था सांभाळणारा एक एआय आहे, सुपरिंटेंडेंट, त्याला बोलायला धड आवाज नाही. मग तो ट्रॅफिकचे बोर्ड पेटवून तुम्हाला रस्ता दाखवतो. उजवीकडे वळा, पुढे रस्ता बंद, असल्या महापालिकेच्या कोरड्या वाक्यांमधून तो बिचारा जीव तोडून मदत करतोय. मला सगळ्या हॅलोमध्ये हाच जास्त आवडतो आणि यावर मी वाद घालणार नाही.

उलट प्रकार प्रे मध्ये, २०१७ चा. तिथे शत्रू कप, खुर्ची, डबा काहीही होऊन बसतो. घाबरलेल्या स्टाफने वस्तूंवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवल्यात, "हा मिमिक नाही". पहिली चिठ्ठी बघून बरं वाटतं. दुसऱ्या क्षणी डोक्यात येतं की बाकीच्या वस्तूंवर चिठ्ठी का नाही.

एलियन आयसोलेशन इतका जुन्या काळातला का दिसतो?

मुद्दाम. १९७९ च्या एलियन पिक्चरमध्ये जे भविष्य होतं तेच पाळायचं ठरवलं होतं, म्हणून २०१४ च्या गेममध्ये जाडजूड टीव्ही आणि कडकड वाजणारी बटणं. पिक्चरसाठी रॉन कॉबने जहाजावरच्या सूचनांची छोटी चौकोनी चिन्हं बनवली होती, इथे हवा आहे, इथे गुरुत्वाकर्षण नाही, अशी. त्याच घराण्यातली चिन्हं तुम्हाला गेमच्या सेवास्तोपोल अंतराळ स्टेशनभर दिसतील. आणि स्क्रीनवर जो खरखरीत खराबपणा दिसतो तो कॉम्प्युटरवर काढलेला इफेक्ट नाही, टीमने व्हिडिओ खरोखर व्हीएचएस कॅसेटवर रेकॉर्ड केले, जुन्या टीव्हीवर लावले, जवळ लोहचुंबक नेला आणि जे वाकडंतिकडं झालं ते घेतलं. घरी टीव्हीजवळ स्पीकर ठेवला म्हणून ज्यांनी मार खाल्लाय त्यांना हा इफेक्ट ओळखीचा असेल.

गेममध्ये देवनागरी पाट्या इतक्या चुकीच्या का असतात?

दुखऱ्या नसेवर बोट. लिहिणाऱ्याला अक्षरं म्हणजे चित्रं वाटतात. फोटोशॉपमध्ये साउथ एशियन टेक्स्ट इंजिन चालू नसेल आणि त्यात देवनागरी पेस्ट केली तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायच्या ऐवजी नंतर जाऊन बसते, जोडाक्षरं फुटून मध्ये हलन्ताचे पाय दिसायला लागतात. बनवणाऱ्याला काहीच चुकल्यासारखं दिसत नाही, आपल्याला मात्र दाताखाली खडा. गेमचं स्वतःचं इंजिन मजकूर दाखवत असेल तरी तेच, अक्षरं जुळवणारा भाग त्यात नसेल तर मराठी मोडतेच. मराठी वाचणारा एक माणूस पाच मिनिटं बसवला असता तरी पुरे होतं. कुठल्या गेममध्ये एकही चूक नसलेली मराठी पाटी सापडली तर मला नक्की दाखवा, मी तो गेम पूर्ण किमतीला घेईन.

म्हणजे प्रत्येक गोष्टीत काहीतरी लपलेलं असतं?

अजिबात नाही आणि हा आजार लागू देऊ नका. सायबरपंक २०७७ मध्ये एका पुतळ्यावर एफएफ:०६:बी५ असं कोरलंय. डिसेंबर २०२० पासून लोक त्याच्या मागे. ते रंगाच्या हेक्स कोडमध्ये घातलं तर भडक किरमिजी निघतो, मग कोणी चंद्राची स्थिती मोजली, कोणी पुतळ्यासमोर चोवीस तास उभं राहिलं. शेवटी सप्टेंबर २०२३ च्या २.० अपडेटनंतर लोक एका मोठ्या कोड्यातून शेवटपर्यंत पोचले आणि बक्षीस मिळालं एक गाडी. काही जण खूश झाले, काही जण म्हणाले तीन वर्षं यासाठी? मी दुसऱ्या गटात.

माझा साधा नियम. पाटीमुळे त्या खोलीत राहणाऱ्या माणसाबद्दल काही कळतंय का? कळत असेल तर थांबा. नुसता आकडा असेल तर फोटो काढा आणि पुढे चला, ज्यांना वेळ आहे ते सोडवतील.

नोक्लिप लावून भिंतीपलीकडे बघणं म्हणजे चीटिंग का?

पहिल्या खेळीत नको. दुसऱ्यांदा बिनधास्त. हाफ-लाइफ २ आणि पोर्टलमध्ये कन्सोल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडून चीट चालू केलं की भिंतीतून आरपार जाता येतं. बाकी डूम २ चं तर माहीतच असेल, १९९४, शेवटच्या राक्षसाच्या भिंतीमागे नोक्लिपने गेलं तर आत जॉन रोमेरोचं, म्हणजे गेम बनवणाऱ्यांपैकी एकाचं, मुंडकं काठीवर. तो राक्षस जे उलटं बडबडतो ते सरळ केलं तर ऐकू येतं की जिंकायचं असेल तर मला, जॉन रोमेरोला, मारावं लागेल. टीममधल्या पोरांनी त्याच्या नकळत ते मुंडकं ठेवलं होतं, त्याला कळल्यावर त्याने स्वतःचा आवाज टाकला.

तुझी स्वतःची सगळ्यात आवडती गोष्ट कुठली?

परत पोर्टल. शेवटी ग्लॅडॉसच्या खोलीकडे जाताना वाटेत एका टेबलावर लाल फोन आहे. शंभरातले नव्वद जण त्याच्याकडे न बघता जातात कारण समोर बॉस, म्हणजे शेवटचा शत्रू ग्लॅडॉस, आहे. डेव्हलपर कॉमेंटरी, म्हणजे गेम बनवणाऱ्यांच्या टिप्पण्या, चालू केली तर कळतं की तिथे एक माणूस नोकरीला होता आणि त्याचं काम एवढंच, मशीनला अचानक स्वतःची अक्कल फुटतेय असं दिसलं तर हा फोन उचलायचा.

फोनची वायर बघा. तुटलेली आहे.